फिरतीच्या नोकरीसाठी खिशातली डिजिटल नोंदवही : निवड आणि वापर

आपण कॉम्प्रेसरच्या देखभालीचे काम करता, भोसरीहून चाकण, तळेगाव, रांजणगाव आणि महिन्यातून एकदा कुरकुंभ अशी दुचाकीवरची फिरती करता, दिवसाला चार ते सहा कॉल घेता, आणि गेल्या जुलैत रेनकोटच्या खिशात पाणी शिरून आपली डायरी भिजली तेव्हा सहा महिन्यांच्या नोंदी शाईच्या ओघळांत गेल्या. आता आपल्याला खिशात मावेल असे डिजिटल साधन हवे आहे आणि आपले तीन प्रश्न आहेत : हातातला मोबाइलच पुरेल, की जुन्या बाजारात मिळणारे पामसारखे स्वतंत्र यंत्र (मोबाइलपूर्वीचा खिशातला छोटा संगणक) घ्यावे, की इ-इंकची वही, म्हणजे कागदासारख्या पडद्यावर पेनाने लिहायचे यंत्र; घेतल्यानंतर त्याचा वापर महिनाभरात बंद पडू नये म्हणून काय करावे, आणि कपाटातल्या जुन्या डायऱ्यांचे काय करावे. मी याच क्षेत्रात सुमारे तीस वर्षे फिरतीवर काढली आहेत आणि या काळात खिशातले साधन पाच वेळा बदलले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

निर्णय आधी सांगतो. सध्या नवीन काहीही विकत घेऊ नये. आपला मोबाइल, त्यात एक कॅलेंडर आणि एक टिपणांचे अॅप, आणि जिथे मोबाइल आत नेऊ देत नाहीत अशा कारखान्यांसाठी वरच्या खिशात मावेल अशी स्पायरलची छोटी वही, एवढ्यावर तीन महिने काम करावे. त्यानंतर अडचण उरली तर ती नेमकी कोणती हे आपल्याला ठाऊक झालेले असेल आणि मग पैसे योग्य जागी खर्च होतील. मात्र हा निर्णय मी कोणत्या कसोटीवर देतो हे कळले नाही तर तो आपल्याला दोन वर्षांनी उपयोगी पडणार नाही, कारण तोपर्यंत बाजारातली साधने बदललेली असतील.

माझ्या मते अशा साधनाकडे दोनच प्रश्न विचारायचे असतात. उभ्या उभ्या, एका हाताने, एक नोंद आत घालायला किती सेकंद लागतात, हा पहिला. यंत्र आज बंद पडले, हरवले किंवा कंपनीने ते अॅप गुंडाळले, तर सगळ्या नोंदी बाहेर कोणत्या वाटेने येतात, हा दुसरा. दुकानदार स्क्रीन, मेमरी आणि रंग यांवर बोलतो; हे दोन प्रश्न त्याला कोणी विचारत नाही.

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व मला डिजिटल डायरीने शिकवले. मी कामाला लागलो त्या १९९४च्या सुमारास पुण्यातल्या सेल्स आणि सर्व्हिसच्या लोकांच्या खिशात रबरी बटणांची, घडी घालता येणारी डिजिटल डायरी हे मोठे अप्रूप होते. त्यांत ३२ किंवा ६४ केबी मेमरी असे आणि केवळ फोन नंबर ठेवायचे म्हटले तर ती भरपूर होती. परंतु त्या इवल्याशा बटणांवर एक पत्ता भरायला दोन मिनिटे जात, आणि ग्राहकाचा मेंटेनन्स मॅनेजर समोर उभा असताना कोणीही दोन मिनिटे मान खाली घालून बटणे दाबत बसत नाही. परिणाम असा झाला की डायरीत नंबर गेले, पण कामाच्या नोंदी सिगारेटच्या पाकिटावर आणि गेट पासच्या मागे लिहिल्या जात राहिल्या. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

अॅपलने १९९३ मध्ये न्यूटन हे हातात धरायचे यंत्र बाजारात आणले होते. त्यावर माणसाने आपल्या नेहमीच्या अक्षरात लिहावे आणि यंत्राने ते ओळखावे अशी कल्पना होती. पहिल्या आवृत्तीचे ओळखणे इतके चुकत असे की तो चेष्टेचा विषय झाला. त्यानंतर १९९६ मध्ये पाम पायलट आला. पामचे जनक जेफ हॉकिन्स यांनी ते यंत्र बनण्यापूर्वी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घालून काही काळ वावरून पाहिले आणि नोंद करायची वेळ आली की तो ठोकळा काढून त्यावर लिहिण्याचा अभिनय केला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मला ती अभियंत्याच्या दृष्टीने फार मोलाची वाटते, कारण साधन कधी, कोठे आणि किती वेळ बाहेर निघते याचा शोध त्यांनी सर्किट काढण्याआधी घेतला. न्यूटनने माणसाचे अक्षर शिकण्याचा प्रयत्न केला. पामने माणसालाच ग्रॅफिटी नावाची, बहुतेक अक्षरे एका फटकाऱ्यात काढायची सोपी लिपी शिकायला लावली. वरकरणी हे उलटे वाटते, पण अर्ध्या दिवसाच्या सरावात ती हाताला बसत असे आणि मग नोंद दहा-पंधरा सेकंदांत होई.

हीच परीक्षा आपण घरी फुकट करू शकता. आपल्या मोबाइलवर, उभे राहून, डाव्या हातात हेल्मेट धरून, 'रांजणगाव, दुसरा कॉम्प्रेसर, तास १८४६०, तापमान ९४, सेपरेटर मागवणे' एवढे लिहून पाहावे आणि घड्याळ लावावे. तीस सेकंदांच्या आत झाले तर साधन चालेल. मिनिटाच्या वर गेले तर ते साधन कितीही देखणे असो, तीन आठवड्यांनी आपण पुन्हा जॉबशीटच्या मागे लिहायला लागाल हे मी आजच सांगतो. लॉक उघडणे, अॅप शोधणे, 'नवीन टिपण' दाबणे आणि कीबोर्ड मराठीवर आणणे यांतच बहुतेक वेळ जातो. म्हणून टिपणाच्या अॅपचे विजेट मोबाइलच्या पहिल्याच पानावर ठेवावे आणि मराठी व इंग्रजी यांखेरीज इतर सर्व कीबोर्ड काढून टाकावेत. या दोन गोष्टींनी माझे दहा सेकंद वाचले. नवा मोबाइल घेऊनही एवढे वाचले नसते.

दुसऱ्या प्रश्नाची किंमत मी स्वतः मोजली आहे. माझ्या त्या डिजिटल डायरीत दोन प्रकारच्या बॅटऱ्या होत्या, एक मुख्य आणि एक मेमरी जिवंत ठेवणारी नाण्याएवढी. दोन्ही एकाच वेळी काढायच्या नाहीत ही सूचना पुस्तिकेत होती आणि पुस्तिका घरी होती. एका दुपारी तळेगावच्या रस्त्यालगतच्या टपरीवर मी दोन्ही बॅटऱ्या काढल्या, आणि चहा संपेपर्यंत माझे चारशेच्या आसपास नंबर नाहीसे झालेले होते. त्या डायरीतून नोंदी बाहेर काढण्याची एकच वाट मला ठाऊक होती, ती म्हणजे डोळ्यांनी वाचून हाताने उतरवणे, आणि तेवढे कष्ट मी कधीच घेतलेले नव्हते.

पुढे १९९९ मध्ये अमेरिकेहून परतलेल्या एका सहकाऱ्याकडून मी वापरलेला पाम थ्री घेतला. त्याचीही मेमरी बॅटरीवरच जगत होती आणि नव्या बॅटऱ्या घालायला साधारण एखाद्या मिनिटाचीच सवलत मिळत असे. एकदा पावसाळ्यात मी आठवडाभर आजारी होतो, यंत्र दप्तरात पडून राहिले आणि पुरते रिकामे झाले. पण ऑफिसच्या संगणकाला त्याचे स्टँड जोडलेले होते. यंत्र त्यात बसवले, बटण दाबले, आणि पाच-सात मिनिटांत सगळ्या भेटी, नंबर आणि टिपणे जागच्या जागी परत आली. म्हणजे बॅटरीचा दोष दोन्ही यंत्रांत सारखाच होता. एका बाबतीत माझी काही वर्षांची जमा गेली आणि दुसऱ्या बाबतीत अर्धा तासही गेला नाही. तेव्हापासून मी कोणतेही साधन हातात घेतले की त्यात काय काय येते यापेक्षा त्यातून काय बाहेर निघते ते आधी पाहतो.

आता आपल्या पर्यायांकडे येतो. तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन जुन्या वस्तूंमध्ये दिसणारे पाम किंवा त्याच जातीचे पॉकेट पीसी घेण्याचा मोह मला समजतो, माझ्याही टेबलाच्या खणात दोन आहेत. पण कामासाठी ते घेऊ नये. त्यांचे सिंक, म्हणजे संगणकाशी नोंदी जुळवून घेणे, ज्या सॉफ्टवेअरवर अवलंबून होते ते आजच्या संगणकांवर बसवणे ही स्वतंत्र खटपट आहे, ज्या मॉडेलांत आतली बॅटरी आहे त्यांची बॅटरी मेलेली किंवा फुगलेली असते, आणि देवनागरी त्यांत मुळातच नाही. बाहेर पडण्याची जी वाट हे त्या यंत्राचे बलस्थान होते तीच आज बुजलेली आहे. हौस म्हणून जरूर घ्यावे.

इ-इंकच्या वहीचा विचार मात्र गंभीरपणे करण्यासारखा आहे. तिचा पडदा कागदासारखा परावर्तित प्रकाशावर वाचता येतो, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात शेडबाहेर उभे राहूनही अक्षर स्वच्छ दिसते. स्थिर चित्र धरून ठेवायला त्याला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी दिवसांवर चालते. आणि पाइपलाइनचे रेखाचित्र काढायचे असेल तर मोबाइलवर बोटाने काढण्यापेक्षा तिच्यावर पेनाने काढणे शतपटीने चांगले. बऱ्याच मॉडेलांत कॅमेरा नसतो. तरीही आपल्याला ती आज घ्या असे मी म्हणणार नाही. एक तर लिहिण्याजोग्या बहुतेक वह्या मोठ्या पानाच्या असतात, त्या शर्टाच्या खिशात जात नाहीत, आणि जे साधन बॅगेत जाते ते गेटवर बाहेर निघत नाही. दुसरे म्हणजे पडदा हळू बदलतो, त्यामुळे मागची नोंद शोधताना डोके तापते. तिसरे, हाताने लिहिलेली पाने शोधता आली नाहीत तर ती कागदाइतकीच मुकी राहतात; इंग्रजी हस्ताक्षर ओळखणारी मॉडेले आहेत, पण आपले मराठी अक्षर ती ओळखते का हे दुकानात आपल्याच हाताने, नेहमीच्या घाईत लिहून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गोदामांत वापरतात ती बारकोड वाचणारी दणकट अँड्रॉइड यंत्रे हातमोज्यांसह चालतात आणि पडली तरी सहसा मरत नाहीत. परंतु त्यांची किंमत आणि वजन पाहता ती कंपनीने द्यायची वस्तू आहे, पदरमोड करून घेण्याची नव्हे.

म्हणून मोबाइल. त्याच्या बाबतीत आपल्या कामाशी संबंधित तेवढेच सांगतो. पाणी आणि धूळ यांसाठी आयपी६७ किंवा आयपी६८ असा जो अंक लिहितात त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे धूळबंद आणि एक मीटर पाण्यात तीस मिनिटे टिकण्याची चाचणी. ही चाचणी नव्या यंत्रावर, स्वच्छ पाण्यात होते. दोनदा खाली पडलेल्या आणि कडेची फट उघडलेल्या मोबाइलला ती लागू नाही, म्हणून पावसाळ्यात साधी झिपची प्लॅस्टिक पिशवी वापरावी. ओल्या बोटांचे दुखणे निराळे आहे. आजचे पडदे बोटाच्या विद्युतभारावर चालतात, त्यामुळे पाण्याचे थेंब त्यांना बोटेच वाटतात आणि पडदा वेड्यासारखा वागतो. जुन्या पामचा दाबावर चालणारा पडदा भर पावसात स्टायलसने मुकाट लिहून घेई. यावर उपाय एवढाच की शेडखाली यावे आणि हात पुसावेत. बोलून टंकन करण्याची सोय मराठीतही चांगली झाली आहे, पण कॉम्प्रेसर रूममध्ये ती निरुपयोगी ठरते, गेटबाहेर येऊन बोलावे.

उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीत किंवा बंद मोटारीत मोबाइल ठेवू नये. लिथियम बॅटरीचे आयुष्य सर्वांत अधिक उष्णता खाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीचे आतले तापमान ६० अंशांपर्यंत जाऊ शकते. ज्या साधनावर दिवसभराची भिस्त आहे ते दुपारी दोनलाच मान टाकू लागले तर त्याचे मूळ बहुधा येथे सापडते.

कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांबद्दल आपण विचारले नाही, पण सांगणे माझे कर्तव्य आहे. ज्वालाग्राही वाफ असू शकते अशा भागात साधा मोबाइल, बंद करूनही, नेऊ नये; तेथे ठिणगी निर्माण होणार नाही अशा रचनेची, प्रमाणित यंत्रेच चालतात, आणि आपल्याकडे त्या मान्यतेचे काम नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्रीय संस्था पाहते. अशा ठिकाणी वही आणि पेन्सिल हेच आपले साधन. चाकणच्या काही वाहन कारखान्यांत सिक्युरिटीवाले कॅमेऱ्यावर स्टिकर लावून मोबाइल आत सोडतात, काही ठिकाणी तो लॉकरमध्ये ठेवायला लावतात. त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नये. आतमध्ये वहीत लिहावे, आणि बाहेर येऊन मोबाइल हातात पडताच, हेल्मेट घालण्यापूर्वी, त्या पानावरच्या चार ओळी मोबाइलमध्ये उतरवून वहीतल्या पानावर तिरकी रेघ मारावी. रेघ नसलेले पान म्हणजे न उतरवलेली नोंद. घरी जाऊन उतरवू म्हटले की काय होते हे आपल्यालाही माहीत आहे आणि मलाही.

अॅप कोणते, याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण नावे बदलतात. त्याऐवजी अॅप उतरवल्यावर पहिल्या संध्याकाळी पुढच्या गोष्टी करून पाहाव्यात. मोबाइल विमान मोडवर टाकून दोन नोंदी लिहाव्यात आणि एक जुनी उघडावी. तळघरातल्या कॉम्प्रेसर रूममध्ये नेटवर्क नसते, आणि नेटवर्काविना जे उघडत नाही ते आपल्या कामाचे नाही. मग सर्व नोंदी एकदम बाहेर काढण्याची सोय शोधावी. कॅलेंडर आयकॅलेंडर स्वरूपात, संपर्क व्हीकार्ड स्वरूपात आणि टिपणे साध्या मजकुरात किंवा सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या तक्त्यात) निघाली पाहिजेत. ही स्वरूपे कोणा एका कंपनीची मालमत्ता नाहीत, म्हणून उद्याचे अॅपही ती वाचू शकते. 'बॅकअप आपोआप होतो' एवढेच जे अॅप सांगते आणि फाइल हातात देत नाही, त्याला माझ्या मोबाइलमध्ये जागा नाही.

येथे मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन आडवळणे आहेत, ज्यांनी मला बराच त्रास दिला. पहिले शोधण्याचे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक व्यवस्थेत, स्वतंत्रपणे २००८ मध्ये आले. त्याआधी आणि अनेक कीबोर्डांवर आजही ते 'अ' आणि त्यावरचा चंद्र अशा दोन तुकड्यांनी लिहिले जाते. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण बऱ्याच अॅपांच्या शोधखिडकीला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. 'दुसऱ्या'मधला आडवा रफारही दोन पद्धतींनी लिहिता येतो आणि तेथेही हीच गत होते. मी एका कारखान्याच्या नोंदी तीन महिने हरवल्या असे समजत होतो. त्या होत्याच, फक्त त्यांच्या नावातला 'ॲ' ऑफिसच्या संगणकावर निराळ्या रीतीने टंकला गेला होता. म्हणून ज्या शब्दावर आपण शोध घेणार, म्हणजे ग्राहकाचे लघुनाम आणि यंत्राचा क्रमांक, तो अशा अक्षरांपासून मुक्त ठेवावा आणि कायम एकाच लिपीत लिहावा. मी गाव आणि आकडा असे संकेत वापरतो : 'चाकण ७', 'रांजण ३'. दिसायला रुक्ष आहे, परंतु चुकत नाही.

दुसरे आडवळण सीएसव्ही फाइलचे. मोबाइलमधून काढलेली मराठी फाइल एक्सेलमध्ये थेट दुहेरी टिचकीने उघडली तर अनेकदा अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात आणि माणूस घाबरून ती पुसतो. फाइल बिघडलेली नसते. ती यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) आहे हे एक्सेलला सांगावे लागते, आणि त्यासाठी ती डेटाच्या मेनूतून आयात करून तेथे हे एन्कोडिंग निवडावे. याच वेळी तारखाही तपासाव्यात. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ५/६ म्हणजे ५ जून हे ६ मे होऊन बसते, आणि १२ तारखेनंतरच्या नोंदी बरोबर दिसत राहिल्याने चूक लवकर ध्यानात येत नाही. टिपणांत तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, जसे २०२५-०६-०३, लिहिली तर हा घोळ होत नाही आणि नोंदी आपोआप क्रमानेही लागतात.

वापराबद्दल आता. लोक सर्व काही एकाच ठिकाणी ओततात आणि मग त्या ढिगाला कंटाळतात. ज्याला दिवस आणि वेळ आहे तेवढेच कॅलेंडरमध्ये जावे. यंत्राचा इतिहास त्या यंत्राच्या नावाच्या एकाच टिपणात, नवी नोंद सर्वांत वर, अशा पद्धतीने वाढत जावा. मागवायचे स्पेअर ही एक स्वतंत्र यादी असावी, कारण ती उभ्याने, स्टोअरच्या खिडकीपाशी वाचायची असते. याहून अधिक कप्पे करू नयेत. मी एके काळी अकरा कप्पे आणि रंगीत खुणा केल्या होत्या. नोंद कोणत्या रंगात घालावी हा विचार करण्यातच नोंद राहून जाई.

आपल्या कामात कॅलेंडरचा खरा उपयोग कसा होतो ते एका उदाहरणाने दाखवतो, कारण बहुतेक तंत्रज्ञ तेथे केवळ 'तीन महिन्यांनी सर्व्हिस' असे टाकून मोकळे होतात. कॉम्प्रेसरची देखभाल महिन्यांवर नसून चाललेल्या तासांवर असते. समजा ३ जूनला आपण गेलात तेव्हा मीटरवर १८,४६० तास होते आणि पुढचे काम २०,००० तासांना आहे. उरले १,५४० तास. यंत्र दिवसाला वीस तास आणि आठवड्याला सहा दिवस चालते, म्हणजे आठवड्याला १२० तास. तेव्हा पुढची तारीख साधारण नव्वद दिवसांनी, १ सप्टेंबरच्या आसपास पडते. हेच यंत्र एका पाळीत, दिवसाला आठ तास चालत असते तर ती तारीख पुढच्या वर्षी जानेवारीत गेली असती. हा हिशेब गेटवरच, मीटर डोळ्यांसमोर ताजे असताना करावा आणि कॅलेंडरमध्ये दोन नोंदी टाकाव्यात : १ सप्टेंबरला भेट, आणि त्याच्या दोन आठवडे आधी, १८ ऑगस्टला, सेपरेटर व फिल्टर स्टोअरमध्ये आहेत का याची चौकशी. भेटीची आठवण आपल्याला एरवीही झाली असती, कारण ग्राहकच फोन करतो. साधन आपली किंमत वसूल करते ते त्या १८ ऑगस्टच्या नोंदीवर. पुढच्या भेटीत मीटरचा आकडा अंदाजाशी जुळला नाही तर तोही विषय आहे. तास अपेक्षेहून अधिक भरले असतील तर कारखान्यात कोठेतरी हवा गळत असण्याची शक्यता असते, आणि ते दाखवून दिले की ग्राहक एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नूतनीकरणाला खळखळ करत नाही.

रिमाइंडरच्या आवाजाबाबत काटकसर करावी. दिवसाला बारा वेळा मोबाइल वाजू लागला की कान त्याला सरावतात आणि तेरावा, महत्त्वाचा असलेला, तसाच खिशात विरतो. ज्या चुकल्या तर कोणाचे तरी उत्पादन थांबेल किंवा आपले पैसे जातील अशाच गोष्टींना आवाज द्यावा. बाकीच्यांसाठी सकाळी निघण्यापूर्वी दिवसाचे पान पाहणे पुरते.

आपल्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी बहुधा गुरुवारी असते, तीच उजळणीला सोयीची आहे. नाश्त्यानंतर वीस मिनिटे : वहीतल्या रेघ न मारलेल्या ओळी उतरवाव्यात, येत्या दोन आठवड्यांचे कॅलेंडर पाहावे, स्पेअरची यादी स्टोअरला पाठवून झालेल्या गोष्टी काढून टाकाव्यात. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सर्व नोंदी बाहेर काढून एक प्रत संगणकावर आणि एक पेनड्राइव्हवर ठेवावी. वर्षातून एकदा, घरातल्या जुन्या मोबाइलवर ती फाइल भरून सर्व काही खरोखर परत येते का ते पाहावे. परत भरून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न उघडलेला अग्निशामक. दाब आहे की नाही हे आगीच्या वेळी कळते. (हा व्यवसायातला दृष्टान्त आहे, क्षमस्व.)

एक काळजी आणखी. या नोंदींत ग्राहकांच्या माणसांचे नंबर, कारखान्याच्या आतली माहिती आणि कधी कधी फोटो असतात. ती आपल्याला कामासाठी विश्वासाने मिळालेली असते, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर आपली कंपनीही तिच्याकडे पूर्वीसारखे दुर्लक्ष करू शकत नाही. मोबाइलला लॉक असावे, आतले फोटो घरच्या फोटोंच्या क्लाउडमध्ये आपोआप जात नाहीत ना हे पाहावे, आणि कंट्रोलर पॅनेलचे पासवर्ड साध्या टिपणात कधीही लिहू नयेत. खासगी आणि कंपनीचे असे दोन वेगवेगळे खाते ठेवले तर नोकरी बदलताना कोणाच्या नोंदी कोणाकडे राहणार हा तंटा होत नाही. कंपनीने स्वतःचे अॅप दिले असेल तर अधिकृत नोंद त्यातच करावी. आपल्या टिपणात फक्त आपल्याला लागणारे बारकावे असावेत, जसे की अमुक ठिकाणी गेट क्रमांक दोनने जावे आणि स्टोअर एक ते दोन बंद असते.

राहिला प्रश्न जुन्या डायऱ्यांचा. आपण अकरा वर्षांच्या डायऱ्या सुट्टीत बसून पूर्ण टंकून काढण्याचा बेत लिहिला आहे. तो कृपया सोडावा. मी एकदा तसा प्रयत्न करून मार्चपर्यंतच पोचलो होतो. त्याऐवजी आपल्याकडे आज चालू असलेल्या यंत्रांची यादी काढावी, आपल्या फिरतीत ती साठ-सत्तरच्या वर नसावीत. एखाद्या यंत्रावर जाण्याची पाळी आली की आदल्या संध्याकाळी फक्त त्याच यंत्राची मागची तीन-चार पाने शोधून त्यांचे मोबाइलने फोटो काढावेत आणि त्या यंत्राच्या टिपणात जोडावेत. त्याखाली शेवटच्या सर्व्हिसची तारीख आणि तास एवढी एकच ओळ टंकावी, कारण फोटोतले अक्षर शोधता येईलच असे नाही. एकेका फेरीत अशी यंत्रे उतरत गेली की साधारण सहा महिन्यांत चालू असलेले सर्व काही आत आलेले असेल. भिजलेल्या डायरीची पाने एकमेकांना चिकटली असतील तर ती ओढू नयेत. मध्ये कोरे टिपकागद घालून, सावलीत, पंख्याखाली, डायरी उभी ठेवून वाळवावी. बॉलपेनने लिहिलेले त्यात बऱ्यापैकी टिकलेले सापडते, जेल पेनाचे मात्र बहुतेक गेलेले असते, तेव्हा नवीन स्पायरल वहीबरोबर पेनही बॉलपेनच घ्यावे.